निष्ठेची दोन मापे : युद्धकाळातील ब्रिटिश उमराववर्ग आणि फॅसिझम

फ्रान्सच्या पाडावानंतर १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटन एकाकी उभा राहिला आणि राजवाड्यापासून कामगारवस्तीपर्यंत सारा देश एकदिलाने हिटलरशी झुंजला, हे चित्र युद्धोत्तर ब्रिटनने आजवर मोठ्या जिव्हाळ्याने जपले आहे. सामान्य ब्रिटिश नागरिकांपुरते ते बव्हंशी खरेही आहे. परंतु ज्या वर्गाकडे पिढ्यान्पिढ्या सत्ता, जमीन, सैन्यातील अधिकारपदे आणि परराष्ट्रखात्यातील खुर्च्या चालत आल्या होत्या, त्या वर्गातील काही जणांची निष्ठा ऐन संकटात डळमळीत होती, आणि काहींची तर ती शत्रूच्या दारात गहाण पडली होती. ही माणसे कोण होती आणि त्यांनी काय केले, हा या इतिहासाचा एक भाग झाला. त्यांच्याच राज्ययंत्रणेने त्यांच्याशी कोणता व्यवहार केला आणि त्याच वेळी इतरांशी कोणता, हा दुसरा भाग अधिक बोलका आहे.

या प्रकरणात तीन प्रकारची माणसे नेहमी एकाच माळेत ओवली जातात. ती आरंभीच वेगळी केली पाहिजेत. पहिल्या प्रकारात जर्मनीशी तडजोड करून युद्ध टाळावे किंवा थांबवावे असे प्रामाणिकपणे मानणारे राजकारणी येतात. त्यांचा अंदाज चुकला असेल, पण त्यांना देशद्रोही म्हणता येत नाही. दुसऱ्या प्रकारात फॅसिझम, म्हणजे संसदीय लोकशाही मोडून एका नेत्याच्या हाती सर्व सत्ता देणारी, वंशश्रेष्ठत्व आणि बळ यांची पूजा करणारी राज्यपद्धती, हीच आपल्या देशाला तारेल असे मानणारे येतात. तिसऱ्या प्रकारातील माणसांनी युद्ध सुरू झाल्यावर शत्रूला प्रत्यक्ष मदत केली किंवा करू पाहिली. या तिन्ही प्रकारांतील माणसे एकाच क्लबात जेवत, एकमेकांच्या मुलींशी लग्ने करत आणि एकाच सभागृहात बसत. त्यामुळे त्यांच्यातील सीमारेषा कायद्याच्या पुस्तकात जितकी स्पष्ट होती, तितकी व्यवहारात राहिली नाही.

फॅसिझमचे हे आकर्षण मुख्यतः भयातून आले होते. १९१७ च्या रशियन क्रांतीत तेथील सरदारवर्गाची झालेली वाताहत इंग्लंडमधील जमीनदार घराण्यांनी पाहिली होती. १९२६ च्या सार्वत्रिक संपाने आणि १९२९ नंतरच्या महामंदीने ते भय घरापर्यंत आणले. पहिल्या महायुद्धात या घराण्यांतील तरुण मोठ्या संख्येने मारले गेले होते, म्हणून पुन्हा युद्ध नको ही भावना तीव्र होती. साम्यवादाला अडवणारी भिंत म्हणून जर्मनी उभा राहत असेल तर त्याच्याकडे थोडी डोळेझाक करावी, असे म्हणणे उच्चभ्रू वर्तुळात शहाणपणाचे समजले जाई, आणि त्या वर्तुळात मुरलेला ज्यूद्वेष या शहाणपणाला खतपाणी घालत असे. ‘डेली मेल’चे मालक लॉर्ड रॉदरमिअर यांनी जानेवारी १९३४ मध्ये आपल्या वृत्तपत्रातून काळ्या सदऱ्यांच्या ब्रिटिश फॅसिस्टांचा उघड जयजयकार केला, आणि भारताला स्वायत्ततेच्या दिशेने एक पाऊलही टाकू देऊ नये, या मोहिमेतही हेच वृत्तपत्र आघाडीवर होते. साम्राज्याची पकड सैल होईल ही चिंता आणि फॅसिझमचे कौतुक या दोन गोष्टी रॉदरमिअरसारख्यांच्या मनात शेजारी शेजारी नांदत होत्या.

या नात्याची चमत्कारिक प्रचीती नोव्हेंबर १९३७ मध्ये आली. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन, जे आता लॉर्ड हॅलिफॅक्स या नावाने ब्रिटिश मंत्रिमंडळात होते, ते बेर्ख्टेसगाडेन येथे हिटलरला भेटले. गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागले नाही तर काँग्रेसच्या डझनभर पुढाऱ्यांना घाला, त्यानेही भागले नाही तर आणखी दोनशे जणांना घाला, असा सल्ला हिटलरने त्यांना दिल्याचे त्या भेटीला हजर असलेले मुत्सद्दी आयव्होन कर्कपॅट्रिक यांनी नोंदवून ठेवले आहे. १९३१ मध्ये गांधींशी समोरासमोर बसून करार करणाऱ्या हॅलिफॅक्स यांना हा सल्ला अर्थातच पटला नाही. तरीही असा सल्ला देणाऱ्या माणसाशी समझोता होऊ शकतो, ही त्यांची आशा त्यानंतरही टिकून राहिली.

ब्रिटिश फॅसिझमचा उघड चेहरा म्हणजे सर ऑस्वल्ड मोझ्ली. जहागीरदार घराण्यात जन्मलेले मोझ्ली प्रथम हुजूरपक्षाचे खासदार झाले, पुढे मजूरपक्षात गेले आणि १९२९ च्या मजूर सरकारात मंत्रीही झाले. त्यांची पहिली पत्नी सिंथिया ही वंगभंग करणाऱ्या लॉर्ड कर्झन यांची कन्या होती. ऑक्टोबर १९३२ मध्ये त्यांनी ब्रिटिश फॅसिस्ट संघ स्थापन केला. ७ जून १९३४ रोजी लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात त्यांच्या स्वयंसेवकांनी सभेत प्रश्न विचारणाऱ्यांना सर्वांदेखत बेदम मारले, तेव्हा बरेच प्रतिष्ठित पाठीराखे बिचकून दूर झाले. सिंथियाच्या मृत्यूनंतर मोझ्ली यांनी लॉर्ड रीड्सडेल यांची कन्या डायना मिटफर्ड हिच्याशी दुसरा विवाह केला. तो ऑक्टोबर १९३६ मध्ये बर्लिनमध्ये, प्रचारमंत्री गोबेल्स यांच्या घरी, हिटलरच्या उपस्थितीत पार पडला. डायनाची बहीण युनिटी ही तर हिटलरच्या निकटच्या गोटातच वावरत असे. युद्ध जाहीर झाले त्या दिवशी तिने म्युनिकमधील एका उद्यानात स्वतःवर गोळी झाडून घेतली.

रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत न पडता हेच विचार बाळगणाऱ्यांसाठी अधिक सभ्य संस्था होत्या. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या इंग्रज-जर्मन मैत्रीसंघात उमराव, बँकर आणि उद्योगपती भोजनाला जमत. १९३७ मध्ये निघालेल्या ‘द लिंक’ या संस्थेचे संस्थापक ॲडमिरल सर बॅरी डॉमव्हिल हे तर एकेकाळी ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते. विमानखात्याचे माजी मंत्री लॉर्ड लंडनडेरी यांनी जर्मनीची बाजू मांडणारे पुस्तक १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. राज्यत्याग केलेले आठवे एडवर्ड, म्हणजेच ड्यूक ऑफ विंडसर, ऑक्टोबर १९३७ मध्ये सपत्नीक जर्मनीचा दौरा करून हिटलरला भेटून आले. यांपैकी कोणतीही कृती तेव्हाच्या कायद्याने गुन्हा नव्हती. परंतु युद्ध सुरू झाल्यावर कोणाचा हात कोणाच्या हातात आहे हे ठरवणे अवघड व्हावे, इतके हे जाळे दाट विणले गेले होते.

त्या जाळ्यातील सर्वांत गुप्त गाठ म्हणजे ‘राइट क्लब’. कॅप्टन आर्चिबाल्ड रॅमसे हे स्कॉटलंडमधील हुजूरपक्षीय खासदार, ईटनचे विद्यार्थी आणि पहिल्या महायुद्धातील सैनिक. जगातील सर्व उलथापालथीमागे ज्यूंचे कारस्थान आहे, या कल्पनेने ते झपाटलेले होते. मे १९३९ मध्ये त्यांनी हा क्लब स्थापन केला आणि सभासदांची नावे चामडी बांधणीच्या, कुलूप लावता येणाऱ्या एका वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. या वहीत सुमारे २३५ स्त्री-पुरुषांची नावे होती. नेपोलियनचा पराभव करणाऱ्या सेनापतीचे वंशज पाचवे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, लॉर्ड रीड्सडेल आणि लॉर्ड सेंपिल यांची नावे तीत होती, आणि पुढे बर्लिन रेडिओवरून ब्रिटनविरुद्ध बोलण्यासाठी कुप्रसिद्ध झालेला विल्यम जॉइस याचेही होते. वॉटर्लूच्या विजेत्याचे घराणे आणि शत्रूच्या नभोवाणीचा निवेदक यांना एकाच कुलपाखाली ठेवणारी ही वही त्या काळातील ब्रिटिश उच्चवर्गाचे एक अस्सल दफ्तरच होय.

क्लबाचे काम युद्ध सुरू झाल्यावरही थांबले नाही. झारच्या राजवटीतील नौदल अधिकाऱ्याची मुलगी ॲना व्होल्कॉफ ही रॅमसे यांची कार्यकर्ती होती आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील तिच्या कुटुंबाचे रशियन चहागृह हा क्लबाचा अड्डा होता. तेथे तिची गाठ टायलर केंट या तरुणाशी पडली. केंट हा अमेरिकन वकिलातीत सांकेतिक लिपीतील तारा लिहिणारा व उलगडणारा कारकून होता आणि कामावर हाती येणारे गोपनीय कागद तो सर्रास घरी नेत असे. नौदलमंत्री असताना चर्चिल आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यात चाललेला गुप्त पत्रव्यवहारही त्यांत होता. रूझवेल्ट आपल्या तटस्थ देशाला युद्धाच्या दिशेने नेत आहेत असे सुचवणारा हा पत्रव्यवहार अमेरिकेतील निवडणुकीच्या वर्षात बाहेर फुटला असता, तर ब्रिटनचा शेवटचा आधार डळमळला असता. केंटने हे कागद रॅमसे आणि व्होल्कॉफ या दोघांना दाखवले. व्होल्कॉफने काहींची छायाचित्रेही काढून घेतली.

एम. आय. फाइव्ह, म्हणजे ब्रिटनची अंतर्गत गुप्तचर संस्था, हिने दरम्यान आपल्या काही स्त्री-हेरांना क्लबात शिरवले होते. २० मे १९४० रोजी, जर्मन रणगाडे इंग्लिश खाडीच्या किनाऱ्याशी पोहोचत असताना, केंटच्या लंडनमधील खोलीवर छापा पडला. तेथे दीड हजारांहून अधिक कागदपत्रे आणि वकिलातीतील सांकेतिक लिपीच्या दालनाच्या बनावट किल्ल्या मिळाल्या, आणि रॅमसे यांची ती कुलूपबंद वहीही मिळाली. केंटला राजनैतिक संरक्षण आहे, म्हणून पोलिसांचे हात तिथवर पोहोचणार नाहीत, अशा हिशेबाने रॅमसे यांनी ती त्याच्याकडे ठेवायला दिली होती. अमेरिकन राजदूत जोसेफ केनेडी यांनी ते संरक्षण काढून घेतले. खटला बंद दाराआड चालला आणि नोव्हेंबर १९४० मध्ये व्होल्कॉफला दहा वर्षांची व केंटला सात वर्षांची शिक्षा झाली.

छाप्यानंतर दोनच दिवसांनी संरक्षण नियम १८-ब मध्ये दुरुस्ती झाली. या नियमान्वये गृहमंत्र्याला, आरोप न ठेवता आणि खटला न चालवता, केवळ संशयावरून माणसाला स्थानबद्ध करता येत असे. शत्रूशी संबंध असलेल्या किंवा शत्रूबद्दल सहानुभूती असलेल्या संघटनांचे सभासद आता त्याच्या कक्षेत आले. २३ मे रोजी मोझ्ली आणि रॅमसे यांना पकडण्यात आले आणि जुलैत डॉमव्हिल यांना. ब्रिटिश फॅसिस्ट संघाचे शेकडो सामान्य कार्यकर्तेही तुरुंगात गेले. सरदारपद असलेल्या बड्या सहानुभूतीदारांना मात्र या नियमाचा हात लागला नाही. १९४० च्या प्रारंभी जर्मनीच्या तहाच्या अटी जाणून घेण्यासाठी डब्लिनपर्यंत गेलेले मार्क्विस ऑफ टॅव्हिस्टॉक त्याच वर्षी ड्यूक ऑफ बेडफर्ड झाले आणि सबंध युद्धभर मोकळेच राहिले. रॅमसे सप्टेंबर १९४४ मध्ये सुटले आणि दुसऱ्याच दिवशी खासदार म्हणून सभागृहात जाऊन बसले, कारण स्थानबद्धतेच्या चार वर्षांत त्यांचे सभासदत्व कोणी काढून घेतले नव्हते. वहीतील नावे जाहीर करण्यास सरकारने नकार दिला.

राजघराण्याचे प्रकरण याहून नाजूक होते. फ्रान्स कोसळल्यावर ड्यूक ऑफ विंडसर स्पेनमार्गे पोर्तुगालला गेले आणि जुलै १९४० मध्ये लिस्बनजवळ एका बँकरच्या घरी उतरले. त्यांना वळवून किंवा पळवून स्पेनमध्ये आणावे आणि ब्रिटनचा पराभव झाल्यास पुन्हा गादीवर बसवावे, असा जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यांचा बेत होता व त्यासाठी वॉल्टर शेलेनबर्ग हा अधिकारी लिस्बनला धाडण्यात आला होता. ड्यूकनी हा बेत स्वीकारल्याचा पुरावा नाही. परंतु युद्धाविरुद्धची त्यांची वक्तव्ये जर्मन राजदूतांच्या तारांतून बर्लिनला पोहोचत होती, आणि देशाचा माजी राजा अशा भाषेत बोलतो हीच शत्रूच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होती. तोवर पंतप्रधान झालेल्या चर्चिल यांनी त्यांना बहामा बेटांचे गव्हर्नर नेमून १ ऑगस्टला जहाजावर चढवले. युद्धाच्या अखेरीस या तारांची दफ्तरे जर्मनीत दोस्तांच्या हाती लागली, तेव्हा ती प्रसिद्ध होऊ नयेत म्हणून चर्चिल यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. ती अखेर १९५७ मध्ये उजेडात आली.

त्याच लिस्बन बंदरात दोन वर्षांनी आणखी एक इंग्रज उतरला. डंकन स्कॉट-फोर्ड हा एकवीस वर्षांचा व्यापारी जहाजावरील खलाशी. जर्मन हेरांनी त्याला तेथे गाठले आणि जहाजांच्या ताफ्यांविषयीच्या माहितीसाठी त्याला सुमारे अठरा पौंड दिले. इंग्लंडला परतताच तो पकडला गेला आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये, मे १९४० च्या विश्वासघातविरोधी कायद्याखाली, वॉन्ड्सवर्थ तुरुंगात फासावर गेला. त्याच्या अपराधाबद्दल शंका नाही. त्याच्या शेजारी लॉर्ड सेंपिल यांचे प्रकरण मात्र ठेवून पाहिले पाहिजे. हे वैमानिक उमराव १९२१ मध्ये जपानी नौदलाला विमानविद्या शिकवायला गेले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे ब्रिटनची लष्करी माहिती जपानला पुरवत राहिले. गुप्तचरांना हे १९२० च्या दशकापासून ठाऊक होते. असे असूनही १९३९ मध्ये त्यांना नौदलखात्यात काम मिळाले. १९४१ मध्ये त्यांचे जपानी वकिलातीशी असलेले संबंध पुन्हा उघड झाले, तेव्हा चर्चिल यांनी त्यांना खात्यातून काढायला सांगितले, आणि त्यावर इतकेच झाले की त्यांना पद सोडावे लागले. खटला झाला नाही, स्थानबद्धता झाली नाही, उमरावांच्या सभागृहातील आसनही शाबूत राहिले. त्याच काळात जपानने मलाया आणि सिंगापूर जिंकले आणि हजारो ब्रिटिश व भारतीय सैनिक युद्धकैदी झाले.

जन्माने मिळणारे हे संरक्षण सर्वांना सर्वकाळ मिळत होते, असे मात्र नाही, आणि त्याचा अपवादच त्याचा नियम समजावून देतो. लिओपोल्ड ॲमरी हे १९४० ते १९४५ या काळात भारतमंत्री होते, म्हणजे भारताचा कारभार पाहणारे लंडनमधील मंत्री. त्यांचा जन्म गोरखपूरचा. पंतप्रधान चेंबरलेन यांचे सरकार खाली खेचणाऱ्या मे १९४० च्या चर्चेत सर्वांत जहाल भाषण त्यांचे होते. त्यांचा थोरला मुलगा जॉन, दिवाळे काढून देशोदेशी भटकणारा, १९४२ मध्ये बर्लिनला पोहोचला आणि त्या नोव्हेंबरात जर्मन रेडिओवरून आपल्या देशबांधवांना हिटलरशी हातमिळवणी करण्याचे आवाहन करू लागला. पुढे ब्रिटिश युद्धकैद्यांतून जर्मनीच्या बाजूने लढणारी तुकडी उभारण्यासाठी तो त्यांच्या छावण्यांत गेला. सज्ञान मुलाच्या वर्तनाला बाप जबाबदार नाही, अशी भूमिका चर्चिल यांनी घेतली आणि ॲमरी मंत्रिपदावर राहिले. युद्ध संपताना जॉन इटलीत पकडला गेला. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्याने राजद्रोहाचा गुन्हा कबूल केला, ज्याला फाशी ही एकच शिक्षा होती; सारे कामकाज अवघ्या आठ मिनिटांत आटोपले. १९ डिसेंबर रोजी तो वॉन्ड्सवर्थमध्येच फासावर गेला. सेंपिल यांचे अपराध फायलीत बंद राहू शकत होते. जॉनचा आवाज मात्र साऱ्या देशाने ऐकला होता, आणि ऐकलेला आवाज कोणत्याही कपाटात कुलूपबंद करता येत नाही.

याच युद्धकाळातील भारताकडे पाहिले म्हणजे या दुहेरी मापाचा पूर्ण अर्थ कळतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत गांधींना आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडण्यात आले. गांधींना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात आणि कार्यकारिणीच्या बहुतेक सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. त्या किल्ल्यात असलेल्या नेहरूंनी १९३६ मध्ये रोममधून जाताना मुसोलिनीचे भेटीचे निमंत्रण नाकारले होते, ज्या काळात ब्रिटिश उमराव बर्लिनची निमंत्रणे मिरवत होते. सुभाषचंद्र बोस तेव्हा बर्लिनमध्ये होते हे खरे. परंतु जे राज्य त्यांनी कधी आपले मानले नव्हते त्याविरुद्ध ते उभे होते, आणि सेंपिल यांनी ज्याचा घात केला ते राज्य सेंपिल यांचे स्वतःचे होते. बापाला मुलाच्या वर्तनाची शिक्षा नको म्हणणाऱ्या सरकारनेच १९४२ च्या सामुदायिक दंडाच्या वटहुकुमाने, काहींच्या कृत्यांसाठी सबंध गावांना दंड ठोठावले. मुंबई सरकारने स्थानबद्ध केलेल्या केशव तळपदे यांच्या दाव्यात, ज्या नियमाखाली त्यांना पकडले तो भारत संरक्षण नियम २६ कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे, असा निर्णय सर मॉरिस ग्वायर यांच्या संघ न्यायालयाने एप्रिल १९४३ मध्ये दिला, तेव्हा सरकारने वटहुकूम काढून तो नियम मागील तारखेपासून वैध करून टाकला. इकडे मोझ्ली पतिपत्नींना १९४१ च्या अखेरीपासून हॉलोवे तुरुंगाच्या आवारातील एका घरात एकत्र राहण्याची सवलत मिळाली होती, आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये, पायाच्या शिरांच्या विकारामुळे ऑस्वल्ड यांच्या जिवाला धोका आहे म्हणून, त्यांची सुटका झाली. त्या वेळी चर्चिल यांनी गृहमंत्र्यांना तारेने कळवले की, खटल्याविना माणसाला डांबण्याचा सरकारी अधिकार ही अत्यंत तिरस्करणीय गोष्ट आहे. त्यांचे हे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या तारेनंतर तीन महिन्यांनी, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, कस्तुरबा गांधी आगाखान राजवाड्यात स्थानबद्धतेतच मरण पावल्या.

ब्रिटनने फॅसिझमचा पराभव केला, आणि हे ऋण जगाने मान्य केले पाहिजे. ज्या बंदरांतील कामगारांनी, खलाशांनी आणि सैनिकांनी तो पराभव घडवला, त्यांच्या निष्ठेवर वरच्या वर्गातील या फितुरीने डाग पडत नाही. परंतु सत्ता हाती असलेला वर्ग आपले हित आणि देशाचे हित एकच धरून चालतो, तेव्हा आपले हित धोक्यात येताच देशाचे शत्रू त्याला मित्र वाटू लागतात, आणि तरीही आपण देशभक्तच आहोत हा त्याचा विश्वास ढळत नाही. राज्ययंत्रणेने अनेकदा व्यक्तींपेक्षा हा विश्वासच वाचवला. म्हणून फायली मिटल्या, नावे झाकली गेली आणि खटले टळले. रॅमसे यांची वही पुढे कित्येक दशके बेपत्ता होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती एका वकिलाच्या तिजोरीत सापडली आणि आज लंडनमधील वीनर ग्रंथालयात आहे. नाझी अत्याचारांचे पुरावे जतन करण्यासाठी एका जर्मन ज्यू निर्वासिताने उभारलेले ते ग्रंथालय. तेथे आता ज्याला ती नावे वाचायची असतील त्याला ती वाचता येतात.